ओपलचं तळघर

"ओपल, दार उघड गं. हात भरलेत माझे."

रस्त्यापलीकडच्या इमोजीनची ही रोजची हाक. कधी ओच्यात भेंडी, कधी टोपलीत अंडी, कधी फडक्यात गुंडाळलेला मक्याचा गरम पाव. दार ढकलायला तिचा हात मोकळा नसायचाच. हाक बंद होऊन कित्येक वर्षं लोटली, तरी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की ओपलची नजर आधी दाराकडे जायची.

आज दारात घर बघायला आलेलं जोडपं होतं. केल्सीच्या कडेवर तान्हं पोर. ब्रेट भिंती ठोकून बघत होता. ओपलला घर विकून टल्साला लेकीकडे जायचं होतं. पण मनातलं सांगितल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं.

"काकू, ओढा किती लांब?" केल्सीनं विचारलं.

ओपलनं गार चहाचे पेले पुढे केले.

"लांब कसला. दोनदा घरात आलाय. दुसऱ्यांदा तर या ओट्यापर्यंत. रंग दिलाय भिंतीला, पण कपाट सरकवलंत तर रेघ दिसेल."

ब्रेट हसला. "एवढं खरं बोलून कुणी घर विकतं का?"

"तुम्हाला कळायला हवं. लेकरू आहे."

केल्सीनं तिच्या हातावर हात ठेवला. "सांगून टाकलंत, बरं झालं. जोतं उंच करून घेऊ आम्ही. पाणी वेळ तरी देतं. मला धास्ती आहे ती घरं उचलून नेणाऱ्या वाऱ्याची. वाऱ्याला खाली, पाण्याला वर, म्हणायची आमची आजी."

"वादळात लपायचं तळघर भक्कम आहे," ओपल म्हणाली.

केल्सी खिडकीतून बघत होती. रस्त्यापलीकडे सिमेंटच्या तीन पायऱ्या वर चढत होत्या, आणि वर घर नव्हतं. भोवती पिवळी फुलं उमलली होती, लावणारी आत्ता येईल अशी.

"ते पाण्यानं गेलं?"

"वाऱ्यानं. इमोजीनचं घर. तिला तळघर नव्हतं."

"मग वादळाचा भोंगा वाजला की?"

"माझ्याकडे यायची. नात असायची तिच्यापाशी, तिला घेऊन."

"शेजार असावा तर असा."

ओपलनं पुसलेला पेला पुन्हा पुसला.

मग ती ब्रेटला घेऊन अंगणातल्या तळघराकडे गेली. पोराचं दूध घेऊन येते, म्हणत केल्सी मागे राहिली. दोघं पायऱ्या उतरली. आत बाक, कंदील, लोणच्याच्या बरण्या. फट कुठे दिसते का बघायला ब्रेटनं जड दार वरून ओढून घेतलं. अंधारात त्याची बोटं फळीवरून फिरली.

"काकू, कडी नाही हो. नुसती स्क्रूची भोकं आहेत."

"होती. मीच नंतर उखडून टाकली."

"बसवावी लागेल. नाहीतर वारा दार उपटून नेईल."

"ती भीती असतेच," ओपल म्हणाली.

वर पावलं वाजली. फळीवर कुणाचं तरी कोपर आपटलं.

"काकू, दार उघडता का? हात भरलेत माझे."

ब्रेटनं दार वर ढकललं. उजेडात केल्सी उभी होती. एका हातावर पोर, दुसऱ्यात बाटली न् दुपटं. ओपल बाकावर बसली होती ती उठली नाही. त्या पोराकडे बघत राहिली.

"तिचं घर गेलं त्या दिवशी इमोजीनही असंच म्हणाली," ती हळू आवाजात बोलली. "लेकराला घेऊन, याच दाराशी. मी आत होते. मी कडी उघडली नाही."