जुनी वस्तू

इतिहासाच्या तासाला घरातली एकेक जुनी वस्तू आणा, असं विजयश्रीबाईंनी चौथीच्या पोरांना सांगितलं होतं. टेबलावर अडकित्ते, निजामाची नाणी, पितळी चंबू असा बाजारच भरला. रूपाली तेवढी रिकाम्या हातानं आली. "कामून गं? घरात जुनं काहीच न्हाई?" बाईंनी विचारलं. "हाय की, पर आणता येत न्हाई. आज्जी म्हणली, तुमच्या घरची इहीर माझ्या पणज्यानं बांधल्याली हाय." सासरी हे बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या तडक वर्ग घेऊन घरच्या अंगणातल्या विहिरीवर गेल्या. पोरं काठाच्या घडीव दगडांवरून हात फिरवू लागली. "पूर्वी बांधणाऱ्यांनाच इथल्या पाण्याला शिवू देत नसत," बाई म्हणाल्या. रूपाली हात पाठीमागं धरून लांबच उभी होती. तिनं विचारलं, "बाई, मी हात लावू?" 'व्हय' म्हणायच्या आधी बाईंची नजर नकळत ओसरीवरच्या सासूबाईंकडं गेली.