गोमुखातलं निळं पाणी

नीळकंठाच्या देवळातल्या गोमुखातून सकाळी कुंडात निळं पाणी पडलं आणि देवस्थानचे अध्यक्ष अप्पा दोन पेले पिऊन मोकळे झाले. "देव प्रकटला!" ते ओरडले. गाव बाटल्या घेऊन धावलं.

तेवढ्यात टेकडीवरच्या वस्तीतली सगुणा आली. शनिवारी शाळेतून येताना तिच्या पोरीने कुंडात हात घातला, तर याच अप्पांनी तिला हाकललं होतं. कुंड बाटतं म्हणे. सगुणाने अप्पांना बाजूला घेतलं आणि निळीची रिकामी बाटली दाखवली.

"देव नाही अप्पा, आमच्या मालकांचे सदरे. बँडमध्ये वाजवतात ना, पांढरेफेक लागतात. झरा आमच्या वस्तीत निघतो, माझ्या धुण्याच्या दगडावरून उतरतो, जांभ्याच्या भेगेत शिरतो आणि तुमच्या गोमुखातून बाहेर पडतो. म्हातारे सांगायचे, खरं वाटत नव्हतं. म्हणून आज अख्खी बाटली ओतली."

अप्पांनी हातातला पेला उपडा केला. "किती वर्षं धुतेस तिथे?"

"लग्न झाल्यापासून. त्याआधी सासूबाई धुवायच्या. म्हशीपण तिथेच बसतात."

"कुणाला सांगू नकोस, बाई!"

"नाही सांगत. पण माझ्या पोरीला कुंडावरून पुन्हा कुणी हाकलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पोरीने सगळ्यांदेखत कुंडात दोन्ही हात बुडवून तोंड धुतलं. अप्पांनी तिला वाट करून दिली. बाटल्या घेऊन आलेली माणसं मात्र हिरमुसली. "आज पाणी साधंच कसं?"

"सोमवारी या," सगुणाने सांगितलं. मग अप्पांच्या कानाशी वाकून म्हणाली, "माझं धुणं सोमवारी असतं."