सून वर येते

लातूर जिल्हा झाल्यावर उघडलेल्या वाचनालयातून मी जुन्या कहाण्या नव्यानं सांगणारं पुस्तक आणलं. दुष्काळानं गावच्या साऱ्या विहिरी आटलेल्या, आमची तेवढी भरलेली. पाण्याला आलेल्या बायका काठावर बसून ऐकायच्या.

जुन्या कहाणीत कोरड्या विहिरीला सुनेचा बळी देतात, मग पाणी लागतं. या पुस्तकातली सून मात्र दोर धरून वर येते आणि चालू लागते. तिथं आलं की माझा आवाज आपोआप चढायचा. त्या दिवशीही बायका खुशीत हसल्या.

माझी सासू गुरम्मा हसली नाही. “खरंच वर आली?”

“हाव, आत्याबाई.”

मी पोहरा काढून दोर गुंडाळायला लागले, तसा तिनं माझा हात धरला.

“राहू दे आत सोडलेला. आमच्या थोरल्या जावेला कुणी सोडलाच न्हवता.”