सहाच्या सहा गोळ्या

एवार्ड पिनिओ यांच्या पत्राला एल्सवर्थने उत्तर पाठवलं नव्हतं. चौदा महिने ते टेबलाच्या खणात पडून होतं.

पत्र लहानच होतं. ‘माझा मुलगा तुमच्या तुकडीचा लेफ्टनंट होता. त्याचं रिव्हॉल्व्हर इटलीहून त्याच्या सोबत्यानं आणून दिलं, कमरेला होतं तसंच. ते मूळचं माझं. आधीच्या युद्धात मी वापरलेलं. उघडून पाहिलं तर सहाच्या सहा गोळ्या आत. नळी स्वच्छ. पलटणीचे पाद्रीसाहेब कळवतात की त्याला गोळी पाठीत लागली. मीही सैनिक होतो. याचा अर्थ मला कळतो. तुम्ही तेव्हा तिथे होतात असं ऐकलं. खरं काय ते लिहा. मी ऐकून घेईन.’

आज पुन्हा कोरा कागद समोर होता. त्याची आई ऑर्पा ओट्याशी उभी राहून खारवलेल्या कॉड माशातले काटे काढत होती.

“चौदा महिन्यांत तुझ्या बापानं तीस होड्या बांधल्या असत्या,” ती म्हणाली.

“होडीला शब्द लागत नाहीत, आई.”

“मग घोडं अडलंय कुठं?”

“काय लिहू? तुमचा मुलगा गेला, आणि ज्याच्यापायी गेला तो इथं बसून बटाटे खातोय, असं? त्याच्या बदल्यात मी उरलो, हे त्यांनी वाचायचं?”

“मग न लिहून काय केलंस? तो बाप पोराला पळपुटा समजून बसलाय. रोज सकाळी उठून तेच. आणि हे त्याला जर्मनांनी नाही दिलं रे. तू दिलंस.”

ऑर्पाने हात पुसले आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

“तुला नसेल वाटत, पण माझा पोरगा मला परत मिळालाय. तू नाही लिहिलंस तर मी लिहीन. आणि माझं अक्षर तुला ठाऊक आहे.”

त्याला हसू आलं. मग त्याने लेखणी उचलली.

‘साहेब, तुमच्या मुलानं रिव्हॉल्व्हर काढलं नाही, कारण त्याचे दोन्ही हात माझ्या कॉलरला होते. माझी मांडी फुटली होती. मी द्राक्षांच्या मळ्यात उघड्यावर पडलो होतो. तो सरपटत आला. मला खंदकाकडे ओढून नेताना त्याची पाठ जर्मनांकडे होती. गोळी लागल्यावरही त्यानं मला सोडलं नाही. आधी मला आत ढकललं, मग तो पडला. अंतर साठ यार्ड. चिखल गुडघाभर. माझं वजन तेव्हा एकशे नव्वद पौंड.’

ऑर्पा पलीकडून उलटं वाचत होती. “वजन कशाला लिहितोस?”

“ते सैनिक होते. त्यांना कळेल.”

खाली त्याने नाव लिहिलं, पलटणीतला नंबर लिहिला. पाकीट चिकटवून तो आतल्या खोलीत गेला आणि सैन्यातली टोपी घालून बाहेर आला.

“पोस्ट दोन पावलांवर,” ऑर्पा म्हणाली, “आणि बाहेर ऊन पडलंय. टोपी कशाला?”

“उघड्या डोक्यानं सलाम करत नाहीत, आई.”

तीही त्याच्यासोबत निघाली.

पोस्टाच्या पायऱ्यांवर नेहमीची वर्दळ होती. एल्सवर्थने पत्र पेटीत टाकलं. लंगडा पाय दुसऱ्या पायाला जुळवला आणि हात कपाळाशी नेला. आतून बाहेर येणारे दोन कोळी दारातच थांबले. कोणासाठी, काय, हे न विचारता त्यांनी आपापल्या टोप्या काढून हातात घेतल्या.