सेटलमेंटवाला जावई

मेघाच्या मामांनी पोह्यांची बशी बाजूला सारली आणि रत्नदीपचं पॅनकार्ड मागितलं.

रत्नदीप आई चिमाबाईंना घेऊन डोळखांबकडून मुरबाडला मुलगी मागायला आला होता. तसं दोघांचं आधीच जमलेलं. मेघा शहापुरात औषधांच्या दुकानात कामाला. आईच्या गोळ्या घ्यायला महिन्यातून एकदा जाणारा रत्नदीप हल्ली आठवड्याला जाऊ लागला होता. आता मोठ्यांनी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. जमीन किती, घर कौलाचं की स्लॅबचं, हे कुणी विचारलंच नाही. आटगावच्या गोदामातली नोकरी कायम आहे ना आणि पगार बँकेत जमा होतो ना, एवढंच विचारलं.

"मोबाइलवर एक नंबर येईल, तो सांगा," मामा म्हणाले. ते पतपेढीत कामाला होते, त्यामुळे घरात त्यांचा शब्द चाले.

रत्नदीपने नंबर सांगितला. आपल्याकडे लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

मामांनी मोबाइलवर त्याच्या कर्जांचा रिपोर्ट उघडला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "हे सेटल्ड काय आहे?"

"आईच्या ऑपरेशनला कर्ज घेतलेलं. मधी काम सुटलं, हप्ते थकले. मग फायनान्सवाल्यांनीच फोन केला. पंचावन्न हजार एकदम भर, बाकीचं सोडतो बोलले. भरले. मिटलं ते."

"मिटलं नाही. त्यांनी पासष्ट हजार सोडले आणि तुमच्या नावापुढे सेटल्ड लिहिलं. म्हणजे हा माणूस घेतलेले पैसे पुरते देत नाही. वर्षानुवर्षं ते दिसत राहणार. कुठलीही बँक दारात उभी करायची नाही."

मेघाचे वडील सतीश समोरच बसले होते. त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी तो कापला, उपडा ठेवला आणि म्हणाले, "हुंडा आमाला नको. सोनंनाणं नको. पण माणूस स्वच्छ पायजे. बँकेला अर्ध्यावर सोडणारा माझ्या पोरीला कुठं सोडल, काय सांगावं?"

चिमाबाईंनी पदर तोंडाला लावला. ऑपरेशन त्यांचं होतं. आपण जगलो म्हणून पोराचं लग्न मोडतंय, असं त्यांना वाटलं आणि तिथून उठून जावंसं झालं.

उपाय मामांनीच सांगितला. सोडलेले पैसे भरून टाकायचे, काही येणं नाही असं पत्र घ्यायचं, मग सेटल्डच्या जागी क्लोज्ड येतं. पुढे कर्जफेडीचा स्कोर हळूहळू चढतो.

"तोवर आमी थांबतो," सतीश म्हणाले. "पोरीचं मन आमाला मोडायचं नाय."

रत्नदीपला माणसं फार मोठ्या मनाची वाटली.

फायनान्सच्या शहापूरच्या ऑफिसातला साहेब त्याच्याकडे बघतच राहिला. "माफ झालेले पैसे भरायला आलात? असं गिऱ्हाईक आम्ही अजून पाहिलं नाही." शेजारच्या टेबलावरची बाई हसली. आपल्या प्रामाणिकपणाचं कुणाला हसू येतं, हे रत्नदीपला त्या दिवशी नवीनच कळलं.

पासष्ट हजार जमवायला तो गोदामात डबल ड्युटी करू लागला. रविवारी एका लग्नाच्या मंडपवाल्याकडे खुर्च्या उतरवायला जाऊ लागला. दुसऱ्यांच्या लग्नात खुर्च्या मांडताना त्याला कधी राग यायचा, कधी नुसतंच रडू यायचं. चिमाबाईंनी कानातल्या कुड्या मोडल्या आणि कानांत तुळशीच्या काड्या घातल्या. कुणी विचारलं तर कान दुखतात म्हणायच्या.

मेघा मात्र धीर देई. "मामा बोलतात, एक छोटं क्रेडिट कार्ड घे आणि टायमावर भरत जा. स्कोर लवकर चढतो."

"आणि नाय चढला तर?"

"चढंल रे. मी आहे ना."

इतरांच्या होणाऱ्या बायका नवऱ्याला जेवलास का विचारतात. मेघा स्कोर विचारायची. रत्नदीपला त्यातही माया दिसायची. आकडा पाच-दहाने वाढला की तो तिला आधी कळवायचा, आईला नंतर.

पावणेदोन वर्षं गेली. मायलेक पुन्हा मुरबाडला आले. मामांनी पुन्हा नंबर मागितला, पुन्हा चष्मा कपाळावर सरकवला.

"क्लोज्ड," ते म्हणाले. "सातशे बावन्न."

सतीशनी रत्नदीपला छातीशी धरलं. "ताई," ते चिमाबाईंना म्हणाले, "पोरगा सोनं हाय तुमचा. तारीख काढा." चिमाबाई तिथेच रडल्या. इतक्या दिवसांचा अपमान धुऊन निघाला असं त्यांना वाटलं. 

मग मामांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला, पेनाचं टोपण काढून पेन रत्नदीपच्या हातात दिलं.

"कसली सही, मामा?"

"मेघाच्या भावाला डंपर घ्यायचाय, त्याची. कर्ज तुझ्या नावावर, डंपर तो चालवेल. हप्ताही तोच भरेल. घरातलाच मामला आहे."

"माझ्या नावावर? तुमच्या कुणाच्या का नाय?"

सतीश मोकळेपणी हसले. "आमी बापलेक आन् हे मामा, तिघांचंपण सेटल्ड हाय रे. आमाला कोण देतंय?"

रत्नदीपने दाराकडे पाहिलं. मेघा पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती. ती त्याच्याकडे बघून नेहमीसारखीच गोड हसली.

"फॉर्मला लावायला दोन फोटो आहेत ना जवळ?" ती म्हणाली. "काल फोनवर सांगायचं राहिलं."