सोमवारचं पान

"नोंदच नाही, तर तुम्ही ते पान उघडलं कसं?" निकुंभ साहेबांनी टेबलावर हात आपटला. "खोटं बोलायलाही काही मर्यादा असते."

शीतल जागची हलली नाही. भोंगरपाड्याच्या आश्रमशाळेत ती शिकवायची, चढ्या आवाजांची तिला सवय होती. तिच्या शेजारी धनाआबा आणि बुधीबाई बसले होते. सातपुड्याच्या पायथ्याहून तिघं पहाटेच्या एसटीने धुळ्याला आले होते.

गावामागच्या टेकडीवर साहेबांच्या या खनिकर्म कार्यालयाने दगडखाण मंजूर केली होती. टेकडी गेली की मोहाची झाडं जाणार, आणि गाव ज्याच्या पाण्यावर उन्हाळा काढतं तो झिराही आटणार. हे सांगून सांगून बुधीबाईचा घसा बसला होता. साहेबांचं उत्तर ठरलेलं होतं. सुनावणी गुरुवारी झाली, तेव्हा का नाही आलात?

"सुनावणीच्या आधीच्या सोमवारी आम्ही तुमची वेबसाइट उघडली," शीतल म्हणाली. "तेवढं आधी मान्य करा. मग पुढचं बोलते."

मागच्या खेपेला तिने त्या पानाचा फोटो असलेला मोबाइल पुढे केला होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मोबाइलवर आजकाल काहीही बनवता येतं म्हणाले आणि शिपायाकडून तिला बाहेर काढलं. तो राग ती अजून गिळून बसली होती. या वेळी मोबाइल पिशवीतच होता.

साहेबांनी मात्र आज जय्यत तयारी केली होती. वेबसाइटचं काम बघणाऱ्या प्रशीलला त्यांनी जळगावहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. लॅपटॉप भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला होता. गावकऱ्यांचं खोटं एकदाचं सगळ्यांसमोर उघडं पाडायचं, म्हणजे पुन्हा पायरी चढणार नाहीत.

"वेबसाइट कोण कुठून उघडतं, ते सर्व्हर लिहून ठेवतो," प्रशील म्हणाला. "त्या सोमवारी तुमच्या भागातून कोणीच आलेलं दिसत नाही."

"ऐकलंत?" साहेब म्हणाले. "नोटीस बघायची नाही, आणि मग अन्याय झाला म्हणून बोंबलत यायचं."

"आम्ही बठ्ठासनी देखं, साहेब," धनाआबा म्हणाले. "खोटं का बरं बोलसूत?"

"बठ्ठासनी, सगळ्यांनी म्हणजे किती जण, आबा?" प्रशीलने विचारलं.

"आख्खा पाडा व्हता."

प्रशीलच्या कपाळाला आठ्या पडल्या. एखादा माणूस खोटं बोलेल. आख्खा पाडा एकच खोटं कशाला बोलेल? आणि आपल्या सर्व्हरवर कोणी शंका घेतली की त्याचंही डोकं फिरायचं. "कुठल्या नेटवरून पाहिलं?"

"शाळेच्या," शीतल म्हणाली. "आमच्याकडे रेंज नाही. शाळेत एक डबा बसवलाय, त्याच्यावरच सगळ्यांचे मोबाइल चालतात."

"डब्याचं नेट कुठून येतं?"

"जळगावच्या कंपनीकडून."

प्रशील पुन्हा नोंदींकडे वळला. सोमवारी सकाळी एकच नोंद होती, जळगावच्या नावावर. कोणीतरी शहरातला असेल म्हणून त्याने ती सोडून दिली होती.

"साहेब, राहू द्या आता," दाराशी उभे असलेले भटूभाऊ म्हणाले. "जेवायची वेळ झालीय."

भटूभाऊ या कार्यालयातले जुने कारकून. वेबसाइटवर कागद चढवायचे तेच. एखाद्या प्रकरणाचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे कागद ते एका बैठकीत टाइप करून मोकळे व्हायचे, आणि साहेब त्यांच्या या झपाट्याचं चारचौघांत कौतुक करायचे. आज मात्र साहेबांनी त्यांना हातानेच गप्प केलं.

"सापडलं," प्रशील म्हणाला. "नेट मंद असलं की असा डबा पानाची प्रत स्वतःजवळ ठेवून घेतो. पहिल्या माणसाने उघडलं तेव्हाच फक्त तो आमच्या सर्व्हरपर्यंत आला. बाकीच्यांना त्याने जवळची प्रत दाखवली. एकाने विहिरीवरून घागर आणली आणि बाकीचे घागरीतलं पाणी प्याले, तर विहिरीला काय कळणार? पाहिलंय यांनी, साहेब. सगळ्यांनी पाहिलंय."

शीतलने पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.

निकुंभ साहेब मात्र खजील झाले नाहीत. उलट त्यांचा चेहरा खुलला.

"म्हणजे सोमवारीच पाहिलं होतं," ते म्हणाले. "आख्ख्या पाड्याने! मग गुरुवारी एकही माणूस का नाही आला? सांगा ना आबा, का नाही आलात?"

"येईसन काय करतूत, साहेब?" धनाआबा म्हणाले.

"भटू, हे लिहून घ्या. यांना आधीच माहिती होती. आता कुठल्या तोंडाने तक्रार करणार?" साहेब प्रशीलकडे वळले. "त्या डब्यात ती प्रत अजून आहे का?"

"असणार. शाळेचा पासवर्ड लागेल."

शीतलने तो लगेच सांगितला.

"साहेब, खरंच नको," भटूभाऊ म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "मी ते लगेच काढलं होतं. नोंदीतही कोणी दिसत नव्हतं, म्हणून मी..."

"गप्प बसा हो. काय पाहिलं ते यांच्यासमोर, यांच्याच डब्यातून वाचून दाखवतो. म्हणजे नंतर नाही म्हणायला जागा नको."

पडद्यावर पान उमटलं. वर कोपऱ्यात प्रत घेतल्याची तारीख होती, सुनावणीच्या आधीच्या सोमवारची. साहेबांनी चष्मा चढवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"गुरुवारी घेण्यात आलेल्या सुनावणीस भोंगरपाडा येथील एकही ग्रामस्थ हजर राहिला नाही. कोणाचीही हरकत न आल्याने खाणीस मंजुरी देण्यात येत आहे."