कप उद्या परत

"कागदी कप संपले," भिंगरी म्हणाली.

आईने वळून फळीकडे पाहिलं. फळी स्वच्छ पुसलेली, रिकामी.

"संपले कसे? परवा तर दोन चळती होत्या."

त्या चळती आता मागच्या पायरीवर ऊन खात होत्या. प्रत्येक कपात मूठभर माती आणि टोमॅटोचं एकेक रोप. आईने कपाळाला हात लावला. पोरगी पंधरा वर्षांची. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून नावच भिंगरी पडलेलं. आणि तिने महिनाभरात आईच्या कॉफीच्या दुकानाचा चेहरामोहराच बदलून टाकला होता. कॉफीचा चोथा आता रोपवाटिकेवाले काका बादली भरून न्यायचे. दूध पिशव्यांऐवजी कॅनमधून यायचं. खिडकीजवळचे दिवे दिवसा लावायचे नाहीत, असा फतवा निघाला होता. कचऱ्याचा डबा हलका झाला, तशी आईही हे सगळं मुकाट्याने मानत गेली.

घोडं अडलं ते कपांपाशी.

आईचं म्हणणं, उभ्या उभ्या कॉफी नेणाऱ्याला कागदी कपच लागतो. भिंगरीचं म्हणणं त्याहून सोपं. कप आपण उसना द्यायचा, गिऱ्हाइकाने दुसऱ्या दिवशी परत आणायचा. त्यासाठी तिने घरोघरी फिरून पडून राहिलेले कप गोळा केले होते. कुणाचा कान तुटका, कुणाची जोडी फुटलेली. भिंतीवर खुंट्या ठोकून तिने त्यांची रांग लावली होती.

"आणि नाही आणला परत तर?" आईने विचारलं.

"आणतात गं. कागदी कप घेऊन गेलेलं माणूस गेलं की गेलं. आपली वस्तू हातात असली की त्याला यावंच लागतं."

मग आईने अट घातली. एक जरी गिऱ्हाईक रिकाम्या हाताने माघारी गेलं, तर कागदी कप पुन्हा सुरू. शिवाय तिने नियमातलं भोकही दाखवलं. रविवारी नेलेल्या कपाचं काय? सोमवारी तर दुकान बंद.

"रविवारी सगळे बसूनच पितात. बाहेर नेतंय कोण?"

"नेतं एक जण," आई म्हणाली.

"बघू मग," भिंगरी म्हणाली, आणि खुंट्या मोजायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून कप परत येऊ लागले. शिंपीकाकांनी आपला कप चिंध्यांत गुंडाळून आणला आणि म्हणाले, घे बाई, तुझी लेक सुखरूप माहेरी पोचवली. पोस्टातल्या बाई कप विसरल्या, तर अर्ध्या वाटेवरून धापा टाकत घरी जाऊन घेऊन आल्या. वर म्हणतात कशा, नवराही असा उसना मिळता तर दुसऱ्याच दिवशी परत केला असता. सगळं दुकान हसलं. आईही हसली, पण जरा उशिरा.

आज रविवार होता. भिंगरीने सकाळपासून दोनदा वेणी घातली, दोनदा सोडली. तिला ठाऊक होतं, सगळी मदार आता एकट्या घाईवाल्यावर आहे.

घाईवाला हे नाव तिनेच ठेवलेलं. तो फक्त रविवारी यायचा, तेही दुकान उघडता उघडता. बसायचा कधीच नाही. हवापाण्याचं एखादं वाक्य बोलायचा, कागदी कप उचलायचा आणि निघायचा. बाकी सगळी गिऱ्हाइकं म्हणजे तिचे काका, मावशी नाहीतर दादा. घाईवाल्याला मात्र ती कशानेच हाक मारायची नाही.

दार वाजलं. ते दार नव्या माणसाला उघडत नाही, अडतं. घाईवाल्याने ते जरासं उचलून ढकललं आणि आत आला. आईने साखर किती हे न विचारता कॉफी करायला घेतली.

"आज कपाळाला आठ्या कशाला?" त्याने भिंगरीला विचारलं.

"कागदी कप बंद झाले. आता उसना कप मिळतो."

"मी लांब राहतो गं. राहू दे मग आज."

तो दाराकडे वळलाच. भिंगरीने भिंतीकडे पाहिलं. एवढ्या खुंट्या, एवढी घरं पालथी घातली, ते सगळं आता ह्या चार पावलांत वाहून जाणार होतं.

"कॉफी झालीय," आई म्हणाली. नजर मात्र भांड्यावरच होती. "ओतायची कशात, तेवढं सांगा कुणीतरी."

भिंगरीने शेवटच्या खुंटीवरचा पिवळा कप काढला. तो त्यांच्या घरचाच होता, आणि तिने आजवर एकाही गिऱ्हाइकाला दिला नव्हता. काठाचा टवका उडालेला, खाली मांजराचं पुसट चित्र. आईने कप पाहिला, मुलीकडे पाहिलं, आणि तो काठोकाठ भरला.

घाईवाल्याने कप हातात घेतला. न बघताच त्याचा अंगठा बरोबर त्या टवक्यावर जाऊन बसला. बराच वेळ तो प्यायलाही नाही आणि हललाही नाही.

"नियम काय आहे तुझा?"

"कप दुसऱ्या दिवशी परत आणायचा. नियम म्हणजे नियम."

"उद्या सोमवार," तो हळूच म्हणाला. "दुकान बंद असतं."

आईच्या हातातलं फडकं ओट्यावर थांबलं.

"मग घरी घेऊन ये ना, बाबा," भिंगरी म्हणाली. "सोमवारी आई घरीच असते."